प्राध्यापक निकालावर बोलतात, तेव्हा नेमकं काय ऐकायचं?

मोठा निकाल लागतो. निकालपत्र दोन-तीनशे पानांचं असतं, ते अजून कुणी धड वाचलेलंही नसतं आणि तासाभरात त्यावर मतं यायला लागतात. त्यात कायद्याच्या प्राध्यापकांचं मत हटकून असतं. एक प्राध्यापक सांगतात की हा निकाल घटनेत बसत नाही. लगेच दुसऱ्या प्राध्यापक सांगतात की याहून वेगळा निकाल लागणं शक्यच नव्हतं. ऐकणारा वैतागतो. दोघंही आयुष्यभर हाच विषय शिकवत आलेले आहेत. त्यांचंच एकमत नसेल तर आपण काय समजायचं?

बहुतेक वेळा हे भांडण दिसतं तेवढं मोठं नसतं, कारण दोघं वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत असतात. कायद्यावरच्या भाष्यात तीन प्रश्न कायम एकमेकांत मिसळलेले असतात. आज कायदा काय आहे? न्यायालय काय करेल? आणि कायदा काय असायला हवा? हे तीन धागे सुटे करता आले की अर्धा गोंधळ जागीच मिटतो.

यासाठी प्राध्यापकांचंच एक जुनं उदाहरण घेऊ. १९५८ मध्ये ऑक्सफर्डचे प्राध्यापक एच. एल. ए. हार्ट यांनी एक साधा नियम कल्पिला : उद्यानात वाहन आणायला मनाई आहे. मोटारीला बंदी, हे उघड आहे. पण सायकलचं काय? चाकांच्या बुटांचं काय? खेळण्यातल्या मोटारीचं? हार्ट यांचं म्हणणं असं की कायद्यातल्या शब्दाला एक ठळक गाभा असतो आणि त्याच्या कडेला धूसर पट्टा असतो. गाभ्यात वाद होत नाही, वाद होतो तो त्या पट्ट्यात. त्याच वर्षी हार्वर्डचे लॉन फुलर यांनी त्यांना उलट प्रश्न केला. उद्यानात युद्धस्मारक म्हणून चौथऱ्यावर लष्करी ट्रक बसवायचा ठरला, तोही चालू स्थितीतला, तर? ट्रक म्हणजे वाहन, यात धूसर काहीच नाही. तरी नियम करणाऱ्याच्या मनात असा ट्रक नव्हता, हे कुणालाही कळतं. म्हणजे नियम कशासाठी केला हे पाहिल्याशिवाय गाभाही ठरत नाही. हा वाद आजही कायद्याच्या वर्गात पहिल्या काही महिन्यांतच शिकवतात आणि तो अजून सुटलेला नाही.

आता समजा, बॅटरीवर चालणारी व्हीलचेअर घेऊन उद्यानात आलेल्या माणसाला दंड झाला आणि प्रकरण न्यायालयात गेलं. एक प्राध्यापक म्हणतात, “नियमाचे शब्द पाहिले तर हे वाहनच आहे.” दुसरे म्हणतात, “न्यायालय नियमाचा हेतू पाहील आणि दंड रद्द करेल.” तिसऱ्या म्हणतात, “नियमच दुरुस्त करायला हवा.” बातमीचा मथळा येतो : तज्ज्ञांमध्ये तीव्र मतभेद. खरं तर ही तिन्ही वाक्यं एकच माणूस, एकाच श्वासात, कसलीही विसंगती न येऊ देता बोलू शकतो. म्हणून भाष्य वाचताना क्रियापदाकडे लक्ष ठेवावं. “आहे”, “करेल” आणि “हवं” हे तीन वेगळे दावे आहेत. आणि प्राध्यापक “आहे” म्हणता म्हणता गुपचूप “हवं”वर सरकले, तर ती जागा ओळखावी. सगळेच सरकतात. चांगले भाष्यकार सरकताना तसं सांगतात.

“करेल” या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो लवकर आटोपतो. चर्चेत सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि प्राध्यापकांचा हात सर्वात कच्चा असतो तोही इथेच. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या सत्राबाबत एक प्रयोग झाला होता. एका बाजूला ८३ कायदेतज्ज्ञ, त्यांतले बहुतेक प्राध्यापक. प्रत्येकाला त्याच्या अभ्यासाच्या विषयातलेच खटले दिलेले. दुसऱ्या बाजूला एक संख्याशास्त्रीय प्रारूप. त्याला प्रकरणातला कायदा काहीच कळत नव्हता. खटला कोणत्या खालच्या न्यायालयातून आला, विषय कोणता, दाद मागणारा कोण, अशा सहा ढोबळ गोष्टींवरून ते सांगायचं की खालचा निकाल कायम राहील की उलटेल. प्रारूपाचे ७५ टक्के अंदाज बरोबर आले, तज्ज्ञांचे सुमारे ५९ टक्के. नाणं उडवलं असतं तरी निम्मे बरोबर आलेच असते.

याचा अर्थ प्राध्यापकांना कायदा कळत नाही असा नाही. त्यांचं प्रशिक्षण युक्तिवाद तोलण्याचं असतं, न्यायाधीशांचा कल ओळखण्याचं नसतं. न्यायालयाचा निकाल मात्र काही अंशी कलावरही ठरतो, हे कितीही अवघड वाटलं तरी खरं आहे. तेव्हा “न्यायालय असंच करेल” हे वाक्य कितीही मोठ्या नावाखाली आलं, तरी ते अंदाज म्हणूनच वाचावं. हवामानखात्याचा अंदाज वाचतो तितक्याच सावधपणे.

कायदा आज काय आहे, हे सांगणं मात्र प्राध्यापकांचं खरं काम. बाहेरच्या माणसाला हे सोपं वाटतं : निकाल लागला, वाचला, सांगितला. पण निकालपत्रातलं प्रत्येक वाक्य म्हणजे कायदा नव्हे. ज्या कारणावर निर्णय उभा आहे तेवढंच पुढच्या न्यायालयांवर बंधनकारक असतं. बाकीचं ओघात केलेलं भाष्य. ते वजनदार असेल, पण बांधत नाही. गंमत अशी की टीव्हीवर आणि मथळ्यांत जे वाक्य गाजतं ते बहुधा या दुसऱ्या प्रकारातलं निघतं, कारण न्यायाधीशांची भाषा तिथेच खुलते. वादीचा वकील, प्रतिवादीचा वकील आणि सरकार, प्रत्येक जण आपल्या सोयीचं वाक्य उचलून तोच निकाल म्हणून सांगतो. बंधनकारक कारण कुठे संपतं आणि ओघातलं भाष्य कुठे सुरू होतं, हे कुणाचंही वकीलपत्र न घेता सांगणारा माणूस लागतो.

हे काम किती अवघड असू शकतं याचा नमुना म्हणजे केशवानंद भारती खटला. २४ एप्रिल १९७३. तेरा न्यायाधीश, अकरा स्वतंत्र निकालपत्रं आणि सात विरुद्ध सहा असा कौल. संसदेला घटनेत दुरुस्ती करता येईल, पण तिची मूलभूत चौकट मोडता येणार नाही, हे तत्त्व इथून आलं. आज ते शाळेच्या पुस्तकातही सापडतं. पण निकाल लागला तेव्हा अकरा निकालपत्रांची बेरीज नेमकी किती, हे उघड नव्हतं. बहुमताचा गोषवारा म्हणून एक छोटा कागद तयार झाला आणि त्यावर तेरापैकी नऊच न्यायाधीशांनी सह्या केल्या. दिल्ली विद्यापीठाचे प्राध्यापक पी. के. त्रिपाठी यांनी त्यानंतर सरळ प्रश्न विचारला की या खटल्यात जिंकलं कोण? त्यांचा रोख न्यायमूर्ती एच. आर. खन्नांच्या निकालपत्रावर होता. संसदेच्या अधिकाराला मर्यादा आहेत म्हणणारे सहा, नाहीत म्हणणारे सहा, आणि मध्ये खन्ना. त्यांनी मूलभूत चौकट मान्य केली, पण मूलभूत हक्क त्या चौकटीत येतात की नाही, यावर त्यांची वाक्यं दोन्ही बाजूंना वाचता येत होती. पुढे १९७५ च्या इंदिरा गांधी विरुद्ध राजनारायण खटल्यात खन्नांनी स्वतःच खुलासा केला की मूलभूत हक्क चौकटीबाहेर आहेत असं आपण म्हटलं नव्हतं. देशातल्या सर्वात महत्त्वाच्या निकालाचा अर्थ लावायला दोन वर्षांनी त्याच न्यायाधीशाला बोलावं लागलं! निकालाच्या दिवशी संध्याकाळी त्याचा ठाम अर्थ सांगणाऱ्याविषयी यावरून काय ते समजावं.

याच निकालात प्राध्यापक मागच्या दारानेही आत आले होते. ही गोष्ट तुलनेनं कमी माहीत आहे. डीटर कॉनराड हे जर्मनीतल्या हायडेलबर्ग विद्यापीठाच्या दक्षिण आशिया संस्थेत कायदा शिकवायचे. फेब्रुवारी १९६५ मध्ये त्यांनी बनारस हिंदू विद्यापीठात एक व्याख्यान दिलं. विषय होता घटनादुरुस्तीच्या अधिकाराला असलेल्या अध्याहृत, म्हणजे न लिहिलेल्या पण गृहीत, मर्यादा. त्या वेळी भारतात फारशा कुणाला हा प्रश्न तातडीचा वाटत नव्हता. कॉनराड यांनी श्रोत्यांपुढे काही टोकाच्या शक्यता ठेवल्या. दुरुस्ती करून देशाचे दोन तुकडे करता येतील? कायद्याच्या आधाराशिवाय माणसाचा जीव घ्यायची मुभा देता येईल? बहुमत हातातून निसटतंय असं पाहून सत्ताधारी पक्षानं दुरुस्तीचा अधिकारच राष्ट्रपतींच्या हाती, म्हणजे पर्यायानं पंतप्रधानांच्या हाती सोपवला तर? घटना गुंडाळून मुघल बादशहाची किंवा इंग्लंडच्या राजाची सत्ता परत आणली तर?

हे प्रश्न हवेतले नव्हते. जर्मनीत हिटलरच्या आधीच्या लोकशाही घटनेच्या, म्हणजे वायमार घटनेच्या, चौकटीत राहूनच लोकशाही कशी संपवली गेली, हे त्या पिढीनं पाहिलं होतं. म्हणूनच युद्धानंतरच्या जर्मन घटनेत काही तत्त्वं कोणत्याही बहुमतानं बदलता येणार नाहीत, असं लिहूनच ठेवलंय. भारतीय घटनेत तसं कलम नव्हतं. कॉनराड यांचा मुद्दा होता की ते लिहिलेलं नसलं तरी गृहीत धरावं लागेल, कारण घटनेनं निर्माण केलेली संस्था स्वतःच्या अधिकाराचे आधारस्तंभच पाडू शकत नाही. ज्येष्ठ वकील एम. के. नंबियार यांनी हा युक्तिवाद १९६७ च्या गोलकनाथ खटल्यात मांडला. केशवानंद खटल्यात नानी पालखीवालांनी तो पुन्हा वापरला आणि खन्नांनी आपल्या निकालपत्रात कॉनराड यांचा उतारा संमतीनं उद्धृत केला. व्याख्यानापासून निकालापर्यंत आठ वर्षं. कोणत्याही खटल्यात कुणाचीही बाजू न घेता एका प्राध्यापकानं केलेलं भाष्य इतकं लांब पोहोचलं.

पण पोहोचलं ते कशाच्या जोरावर? अधिकाराच्या नक्कीच नाही. आजच्या बहुतेक न्यायव्यवस्थांमध्ये प्राध्यापकाच्या मताला स्वतःचं असं बंधनकारक बळ शून्य. नेहमीच असं नव्हतं. प्राचीन रोममध्ये काही विधिज्ञांना सम्राटाच्या नावानं मत देण्याचा अधिकार मिळायचा. इसवी सन ४२६ मध्ये तर सम्राट तिसरा व्हॅलेन्टिनियन याच्या कायद्यानं ठरवून टाकलं की पाच विधिज्ञांचे ग्रंथ प्रमाण मानायचे, त्यांच्यात मतभेद असले तर बहुमत पाहायचं आणि बरोबरी झाली तर त्यांच्यातला पॅपिनियन सांगेल ते खरं. पाचही जण तोवर मरून सुमारे दोन शतकं लोटली होती, म्हणजे एकगठ्ठा मतदान, तेही मृतांचं. आपल्याकडे मिताक्षरा आणि दायभाग हे मूळचे अभ्यासकांचे भाष्यग्रंथच. पण हिंदू वारसाहक्काचे खटले शतकानुशतकं त्यांच्या आधारे सुटले आणि कोणत्या प्रांतात कोणतं भाष्य चालतं यावर माणसाचा वाटा ठरायचा.

आज असं औपचारिक स्थान उरलंय ते फार थोड्या ठिकाणी. आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या संविधीतल्या ३८ व्या अनुच्छेदात नामवंत विधिज्ञांच्या लेखनाचा उल्लेख आहे, पण कायदा शोधण्याचं दुय्यम साधन म्हणून. भारतीय घटनेच्या अनुच्छेद १२४ नुसार राष्ट्रपतींच्या मते प्रतिष्ठित विधिज्ञ असलेल्या व्यक्तीला थेट सर्वोच्च न्यायालयाचं न्यायाधीश नेमता येतं. ते दार आजवर एकदाही उघडलेलं नाही. अमेरिकेत मात्र प्राध्यापकीतून न्यायासनावर जाण्याची वाट रुळलेली आहे. फेलिक्स फ्रँकफर्टर हार्वर्डमध्ये शिकवायचे, रूथ बेडर गिन्सबर्ग रटगर्स आणि कोलंबियात शिकवायच्या. जर्मनीत प्राध्यापकांनी लिहिलेली कलमवार भाष्यं न्यायाधीशांच्या टेबलावर रोज उघडली जातात. इंग्लंडमध्ये उलट टोक होतं : हयात लेखकाचा ग्रंथ न्यायालयात आधार म्हणून दाखवायचा नाही, असा संकेत दीर्घकाळ पाळला गेला. जिवंत माणूस मत बदलू शकतो, हे त्यामागचं एक कारण. मेलेला निदान ठाम असतो.

त्याच इंग्लंडमध्ये एका प्राध्यापकाच्या लेखानं सर्वोच्च पीठाला वर्षभरात आपला निकाल फिरवायला लावला. तो प्रसंग जरा जवळून पाहण्यासारखा आहे, कारण भाष्य काम कसं करतं हे त्यात स्पष्ट दिसतं.

एका बाईंनी एक व्हिडिओ रेकॉर्डर विकत घेतला. तो चोरीचा आहे असं त्यांना वाटत होतं आणि तसं त्यांनी पोलिसांना सांगूनही टाकलं. पण तो खरंच चोरीचा होता, हे सिद्ध होऊ शकलं नाही. मग चोरीचा माल घेण्याचा ‘प्रयत्न’ केला, असा आरोप ठेवता येईल का? १९८१ च्या कायद्यात लिहिलं होतं की प्रत्यक्षात गुन्हा घडणं अशक्य असलं तरी प्रयत्नाचा गुन्हा होऊ शकतो. तरीही मे १९८५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च पीठानं, बाईंना सोडलं. कारण दिलं ते असं की त्यांनी प्रत्यक्ष केलेली कृती निर्दोष होती. न चोरलेली वस्तू विकत घेतली, एवढंच.

केंब्रिजचे ग्लॅनव्हिल विल्यम्स हे फौजदारी कायद्यातलं मोठं नाव. त्यांनी या निकालावर सणसणीत लेख लिहिला. त्यांचा मूळ मुद्दा एका ओळीत सांगता येतो : प्रयत्नाचा गुन्हा ठरतो तो माणसाच्या हेतूवरून, त्यामुळे हेतू बाजूला ठेवून कृती निर्दोष होती की नव्हती असं विचारण्यात अर्थच नाही. खिशात हात घालणाऱ्या चोराला खिसा रिकामा लागला तर त्याचीही कृती निर्दोष म्हणायची का?

तोवर दुसरा खटला त्याच पीठापुढे आला होता. शिवपुरी नावाच्या माणसाला अमली पदार्थ नेताना पकडलं होतं. निदान त्याची स्वतःची तरी तशी समजूत होती. तपासणीत ती निरुपद्रवी वनस्पतीची पूड निघाली. आधीचा निकाल पाळायचा तर त्याला सोडणं भाग होतं. मे १९८६ मध्ये लॉर्ड्सनी आधीचा निकाल मोडीत काढला आणि शिक्षा कायम केली. निकालपत्र लिहिलं लॉर्ड ब्रिज यांनी, जे आधीच्या चुकीच्या निकालातही सहभागी होते. सुनावणी संपल्यावर आपण विल्यम्स यांचा लेख वाचला, हे त्यांनी निकालपत्रातच नोंदवून ठेवलं. लेखाची भाषा काही सौम्य नाही, असा चिमटा काढला, पण तेवढ्यासाठी टीकेचं बळ नाकारणं मूर्खपणाचं ठरेल आणि मिळालेल्या मदतीची पोच न देणं कोतेपणाचं, असंही म्हटलं. गंभीर चूक जितक्या लवकर दुरुस्त होईल तितकं बरं, हेही त्यांचंच म्हणणं.

या लेखात काय होतं आणि काय नव्हतं? न्यायाधीशांवर कडक ताशेरे होते. निकालाचे राजकीय परिणाम काय होतील याची चर्चा नव्हती. जे कारण देऊन निकाल दिला, ते कारण कायद्याच्या शब्दांपुढे टिकत नाही, हे दाखवण्यात त्याचं बळ होतं. न्यायालयापर्यंत पोहोचणारी टीका बहुधा अशीच असते, आणि टीव्हीवर नेमकी हीच टीका कंटाळवाणी वाटते.

दरवेळी न्यायालय ऐकतंच असं नाही. भारतात याहून गाजलेलं भाष्य न्यायालयानं ऐकलं नाही, ते शेवटी संसदेनं ऐकलं. मार्च १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याची तक्रार होती. आरोपी दोन पोलीस. सत्र न्यायालयानं त्यांना सोडलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं दोषी ठरवलं आणि एकाला पाच, तर दुसऱ्याला एक वर्षाची शिक्षा दिली. सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोघांनाही निर्दोष सोडलं. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराच्या खुणा नाहीत, आरडाओरडा केल्याचं पटत नाही, म्हणजे संमती होती, असा तो तर्क. (तिचं नाव खटल्याबरोबर सगळीकडे छापलं गेलं आहे. मी ते मुद्दाम लिहीत नाही.)

निकाल कायद्याच्या नियतकालिकात छापला गेला आणि तिथेच राहिला असता. पण वर्षभरानं, सप्टेंबर १९७९ मध्ये, कायद्याच्या चार शिक्षकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं : उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार. पत्रात संताप होता आणि तो लपवलेला नव्हता. पण त्याखालची बांधणी काटेकोर कायद्याची होती. संमती आणि शरणागती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्याच कायद्यात आधीपासून मान्य आहे. संमती देणारा माणूस शरण जातो असं म्हणता येईल, पण शरण गेलेल्यानं संमती दिली असं म्हणता येत नाही. रात्रीची वेळ, पोलीस ठाणं, गणवेशातले पोलीस, गरीब आणि कायद्याची काहीही माहिती नसलेली मुलगी. यांपैकी कशाचा विचार निकालात आहे? बायकांना पोलीस ठाण्यात बोलावण्याच्या प्रथेवर याच न्यायालयानं त्याच वर्षी नंदिनी सत्पथी खटल्यात कडक ताशेरे ओढले होते, मग इथे त्याचा उल्लेखही का नाही?

पत्राची रचना पाहा. “हा निकाल अन्यायकारक आहे” इथे ते थांबत नाही. न्यायालयानं स्वतःचेच जुने निर्णय आणि स्वतःच मानलेले भेद कुठे सोडले, हे ते दाखवतं. पहिला आणि तिसरा प्रश्न, म्हणजे “आहे” आणि “हवं”, दोन्ही त्यात आहेत, पण एकमेकांत कालवलेले नाहीत.

न्यायालयानं निकालाचा फेरविचार केला नाही. पण पत्र हातोहात पसरलं, स्त्री संघटना रस्त्यावर आल्या, विधी आयोगानं १९८० मध्ये या विषयावर अहवाल दिला आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलीस कोठडीतल्या बलात्काराचा स्वतंत्र, जास्त गंभीर गुन्हा झाला आणि त्याला किमान दहा वर्षांची शिक्षा ठरली. पुरावा कायद्यात ११४-अ हे कलम आलं : अशा खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि संमती नव्हती असं स्त्रीनं न्यायालयात सांगितलं, तर संमती नव्हती असंच न्यायालयानं गृहीत धरायचं. उलट सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर. पीडितेचं नाव छापण्यावरची बंदीही याच दुरुस्तीनं आणली. ११४-अ मधली तरतूद नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. श्रेय एकट्या पत्राचं नाही, चळवळ नसती तर ते फायलीतच गेलं असतं. पण चळवळीला हातात धरायला नेमका कायदेशीर मुद्दा त्या पत्रानं दिला.

मग प्रत्येक प्राध्यापकाचं मत गंभीरपणे घ्यायचं का? नाही. पहिली गोष्ट, विषय पाहावा. कायदा आता इतका पसरलाय की करकायद्यातल्या मुरलेल्या अभ्यासकाला फौजदारी प्रक्रियेतलं तुमच्याआमच्यापेक्षा थोडंच जास्त माहीत असतं. पडद्यावर नावाखाली नुसतं ‘कायदेतज्ज्ञ’ लिहिलेलं असतं, त्यातून हे कळत नाही.

दुसरी गोष्ट, हितसंबंध. भारतात पूर्णवेळ पगारी प्राध्यापकाला सहसा वकिली करता येत नाही. वकिलाला मात्र मर्यादित तास शिकवता येतं. इतर अनेक देशांत प्राध्यापक खटले लढवतात, कंपन्यांना सल्ला देतात, मोबदला घेऊन मत लिहून देतात. त्यात गैर काही नाही, पण वाचकाला ते माहीत असायला हवं. अमेरिकेत तर प्राध्यापकांच्या गटांनी न्यायमित्र म्हणून, म्हणजे खटल्यात पक्षकार नसताना न्यायालयाला मदत म्हणून, सर्वोच्च न्यायालयात निवेदनं दाखल करण्याची मोठी प्रथा आहे. एकानं मसुदा करायचा आणि पन्नास जणांनी सह्या करायच्या. हार्वर्डचे रिचर्ड फॅलन यांनी २०१२ मध्ये आपल्याच व्यवसायबंधूंना यावरून फटकारलं. त्यांच्या मते सही फार सढळ हातानं केली जाते. ज्या युक्तिवादाचा अभ्यास केलेला नाही, ज्यावर वर्गात किंवा लेखात उभं राहायची तयारी नाही, त्याखाली केवळ निकाल आपल्याला हवा तसा लागावा म्हणून नाव घालणं प्राध्यापकाला शोभत नाही. “दोनशे कायदेतज्ज्ञांचं निवेदन” अशी बातमी दिसली की मला हे आठवतं. दोनशेपैकी कितींनी तो कागद शेवटपर्यंत वाचला असेल?

उलट टोकाची तक्रारही आहे, आणि ती न्यायाधीशांचीच. अमेरिकेचे सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स २०११ मध्ये गमतीनं म्हणाले होते की कायद्याचं कोणतंही नियतकालिक उघडा, पहिला लेख अठराव्या शतकातल्या बल्गेरियात पुराव्याच्या नियमांवर तत्त्वज्ञ कांटचा प्रभाव अशासारख्या विषयावर असतो. वकिलांना त्याचा काय उपयोग? त्यावर ओरिन कर नावाच्या प्राध्यापकांनी खरोखरच त्या विषयावर छोटा लेख लिहिला. निष्कर्ष : प्रभाव बहुधा शून्य. विनोद सोडला तरी तक्रारीत तथ्य आहे. पण बनारसमधलं कॉनराड यांचं व्याख्यानही १९६५ मध्ये कुणाला फार उपयोगाचं वाटलं नसणार.

राहिला प्रश्न धाडसाचा. न्यायालयावर इतकं कडक बोलता येतं का? भारतात १९७१ च्या न्यायालय अवमान कायद्याचं पाचवं कलम सांगतं की अंतिम निकाल लागलेल्या प्रकरणाच्या गुणदोषांवर केलेली रास्त टीका हा अवमान नाही. चालू खटल्यावर बोलताना मात्र जपून राहावं लागतं. त्यामुळे सुनावणी चालू असताना एखाद्या प्राध्यापक गुळमुळीत बोलल्या, तर त्यांना मत नाही असं समजू नये. त्याच, निकालानंतर दोन महिन्यांनी, खणखणीत लिहितात. शक्य असेल तर तेच वाचावं. तोवर पूर्ण निकालपत्र वाचून झालेलं असतं, असहमत न्यायाधीशाचं म्हणणंही विचारात घेतलेलं असतं, आणि पहिल्या दिवशी ‘ऐतिहासिक निकाल’ म्हणून गाजलेला आदेश प्रत्यक्षात पुढच्या तारखेपर्यंतची स्थगिती होती, हेही तोवर सर्वांच्या लक्षात आलेलं असतं.